संन्यासी आणि त्याचं भाड्याचं घर

दोन वर्षांपूर्वी ऑनसाइट न्यू जर्सीला होतो तेव्हाची गोष्ट. रूममेटने समुद्रकाठच्या एका दुकानातून हर्मिट क्रॅब आणला. इवलासा खेकडा, आणि त्याचा शंख चक्क फुटबॉलसारखा रंगवलेला! पंधरा दिवसांत रंगाचे पोपडे निघायला लागले. हा रंग त्याच्या पोटात जाणार हे लक्षात आल्यावर आम्ही दोघं इंजिनियर कामाला लागलो. स्वतः राहतोय भाड्याने, आणि घर शोधतोय खेकड्यासाठी... असो.

शोधताना कळलं, की या उद्योगाला चांगला इतिहास आहे.

हर्मिट म्हणजे एकांतात राहणारा संन्यासी. पण घरासाठी इतका जीव टाकणारा संन्यासी दुसरा सापडणार नाही. याचं पोट मऊ आणि पिळदार असतं, त्यावर कवच नाही. म्हणून तो मेलेल्या गोगलगायीच्या रिकाम्या शंखात घुसतो. शंख स्वतः बनवता येत नाही, आणि अंग वाढलं की जुना पुरत नाही. जमिनीवर राहणारे हर्मिट क्रॅब तर शंखात पाणीही साठवतात, त्यांचे कल्ले ओले राहावेत म्हणून.

1970 मध्ये हॅरिसन व्हाइट या समाजशास्त्रज्ञाने नोकरीतली एक रिकामी जागा खाली खाली कशी सरकत जाते ते मांडलं होतं. सिनियर सोडून गेला की खालच्या प्रत्येकाचं प्रमोशन, तसंच. 1980 च्या दशकात आयव्हन चेस यांनी तेच गणित हर्मिट क्रॅबना लावलं. एक मोठा शंख रिकामा झाला, की एकामागून एक खेकडे घर बदलतात. म्हणजे आपलं अप्रेझल आणि यांचं घर, सिस्टिम एकच!

मग माणूस मदतीला धावला. 2004 च्या सुमारास एलिझाबेथ डेमरे या अमेरिकन कलावतीने यांच्यासाठी प्लॅस्टिकची घरं बनवायला घेतली. 2009 मध्ये टोकियोत आकी इनोमाता हिने थ्रीडी प्रिंटरवर पारदर्शक शंख काढले, वर चिमुकली शहरं असलेले. कल्पना कुठून आली? तिथल्या जुन्या फ्रेंच वकिलातीची जमीन त्या वर्षी 50 वर्षांसाठी जपानकडे जाणार होती आणि नंतर परत फ्रान्सकडे येणार होती. जागा तीच, मालक बदलतो. 2011 मध्ये मेकरबॉट या थ्रीडी प्रिंटर कंपनीने ‘प्रोजेक्ट शेल्टर’ काढून लोकांकडूनच शंखांची डिझाइन्स मागवली.

यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट इनोमाताची आहे. तिच्या सुरुवातीच्या डिझाइनकडे खेकड्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. मग तिने खऱ्या शंखाचा सीटी स्कॅन काढला आणि आतला पीळ जसाच्या तसा ठेवला. तेव्हा कुठे स्वारी आत शिरली. बाहेर मॅनहॅटन असो की पवनचक्की, त्याला काय त्याचं! आम्ही यूझरला न विचारता स्क्रीन रंगवत बसतो, त्यातलाच प्रकार.

आम्ही मग शहाणपण बाजूला ठेवलं. न रंगवलेले, गोल तोंडाचे, जरासे मोठे असे तीन शंख आणले, उकळून गार केले आणि टाकीत ठेवून दिले. दोन रात्री काहीच नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी फुटबॉल रिकामा! साहेबांनी तिघांतला सगळ्यात मळकट शंख निवडला होता.

आनंद झाला, पण टोचणीही लागली. दुकानातले हे खेकडे जवळजवळ सगळे जंगली, किनाऱ्यावरून पकडलेले असतात. म्हणजे आधी त्याला घरातून उचलायचं आणि मग घर दिल्याचं कौतुक करून घ्यायचं. 2024 मध्ये शास्त्रज्ञांनी इंटरनेटवरचे फोटो धुंडाळले, तर 386 हर्मिट क्रॅब माणसाच्या कचऱ्यात राहताना सापडले, बहुतेक प्लॅस्टिकच्या झाकणांत.

पुण्याला परतल्यावर शोकेसमधली बरणी दिसली. लहानपणी हर्णैच्या किनाऱ्यावरून मी मूठमूठ शंख आणले होते, ते अजून तिथेच. असे खेकडे कोकणातही आहेतच की. तेव्हा शंख रिकामा म्हणजे बेवारशी, एवढंच कळत होतं.

पुढच्या कोकण ट्रिपला बरणी बरोबर नेणार आहे. आई म्हणते, "वेडा आहेस." असेन.