महापुराची पूर्वतयारी : शिरोळ तालुका आणि आपला कायदेशीर हक्क

कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्याला कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा या नद्यांचा वेढा आहे. कृष्णा-पंचगंगेचा संगम याच तालुक्यात, नृसिंहवाडीला होतो. जयसिंगपूर हे तालुक्यातील मोठे शहर. 2005, 2019 आणि 2021 अशा तीन महापुरांनी या भागाला झोडपले.

इशारा कुठे मिळतो?
कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, तर धोका पातळी 43 फूट आहे. 2019 आणि 2021 मध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेले. हे पाणी पुढे शिरोळकडे येते. त्यामुळे तयारी असेल तर हाताशी वेळ असतो. तयारी नसेल तर काय होते, हे शेजारच्या सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळने दाखवले. 8 ऑगस्ट 2019 रोजी तिथे क्षमतेपेक्षा जास्त माणसे बसलेली बोट उलटली आणि डझनाहून अधिक जीव गेले.

कायदा काय सांगतो?
आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 नुसार जिल्हाधिकारी जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात.

- कलम 31 : जिल्ह्याचा आराखडा हवा, त्यात धोक्याच्या जागांची नोंद हवी. दरवर्षी तो अद्ययावत करणे बंधनकारक आहे.
- कलम 12 : छावणीतील निवारा, अन्न, पाणी, औषधोपचार आणि स्वच्छतेचे किमान निकष.
- कलम 41 : स्थानिक संस्थांनी कर्मचारी प्रशिक्षित आणि साधने सज्ज ठेवावीत.
- कलम 61 : मदत व भरपाई देताना लिंग, जात, समुदाय, वंश किंवा धर्म यांवरून भेदभाव करता येणार नाही.

कलम 61 आपल्या तरुणांना पाठ असले पाहिजे. नदीकाठच्या सखल जागेत कोणाची वस्ती आहे, पाणवठा आणि पंगत कोणासाठी वेगळी होती, हा इतिहास आपल्याला माहीत आहे. छावणीत त्याची पुनरावृत्ती झाली, तर तो कायद्याचा भंग आहे.

पावसाळ्यापूर्वी काय करावे?
1. आपली वस्ती निळ्या (25 वर्षांतील) की लाल (100 वर्षांतील) पूररेषेत येते, ते तपासा.
2. गावाचा आराखडा ग्रामसभेत वाचायला लावा. बोट, लाइफ जॅकेट आणि छावणीची जागा याबद्दल लेखी उत्तर मागा.
3. वृद्ध, गरोदर स्त्रिया, दिव्यांग आणि आजारी व्यक्तींची घरनिहाय यादी करा.
4. भाडेकरू आणि भूमिहीन मजूर पंचनाम्यातून सुटू नयेत म्हणून आधार, रेशनकार्ड, वीजबिल आणि घराचे फोटो जपून ठेवा.
5. जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077 आणि आणीबाणीचा 112 हे क्रमांक विहारात लावा.

पूर ओसरल्यावर धान्यवाटप करणारे हात आपल्याकडे कमी नाहीत. तेच हात मे महिन्यात अर्ज घेऊन तहसील कार्यालयात गेले, तर माणसे वाचतील.