मनिऑर्डर आली, माणूस नाही

आमच्या घरात वय सांगायची एक वेगळीच रीत होती. आजी म्हणायची, "तुझा बापूस वादळाच्या आदल्या वर्षीचा." हे वादळ म्हणजे नोव्हेंबर 1948 चं. मुंबईला आणि कोकण किनाऱ्याला त्याने झोडपलं, तेव्हा आजोबा परळच्या गिरणीत कामाला होते. गावी आजी, पाळण्यातलं पोर आणि म्हातारी सासू. भात कापून खळ्यावर उडवी रचलेली होती, ती भिजून काळी पडली. घराची कौलं उडाली.

त्या काळी आमच्या दापोली तालुक्यातली माणसं बोटीने हर्णै बंदरात उतरायची. तशाच एका माणसाकडून आजोबांना आठ दिवसांनी खबर कळली. रजा मिळाली नाही, म्हणून त्यांनी मनिऑर्डर केली. आजी हे सांगताना दर वेळी एकाच वाक्यावर थांबायची, "पैसं आलं रे, पन कौलं चढवायला मानूस कुठं होता?"

लहानपणी मला त्यात फक्त वादळ ऐकू यायचं. शेवटचं वाक्य कळायला 2020 साल उजाडावं लागलं.

त्या वर्षी मार्चपासून टाळेबंदी होती. मी नालासोपाऱ्याला दोन खोल्यांत अडकलेला. मे महिन्यात गावी जावं म्हटलं, तर वाडीच्या सभेत ठराव झालेला, चाकरमान्यांनी येऊ नये, आलेच तर चौदा दिवस शाळेत राहावं. रस्त्यावर बांबू आडवा टाकलेला. ठराव मला नानांनीच, म्हणजे माझ्या काकांनी, फोनवर सांगितला. मला फार लागलं. देवळाच्या कळसाला पैसे आमचे चालतात आणि आम्ही चालत नाही, असं काहीतरी मी बोलून गेलो. नाना गप्प राहिले. महिनाभर आमचं बोलणं बंद.

1 जूनला अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा वाढत असल्याच्या बातम्या सुरू झाल्या. 2 तारखेला त्याचं चक्रीवादळ झालं. बांगलादेशने सुचवलेलं नाव त्याला मिळालं, 'निसर्ग'. 3 जूनला सकाळी अकराच्या सुमारास मी अबोला सोडून फोन लावला. नाना ओरडून बोलत होते, "माड पार भुईला टेकतायत रे! काकीला माजघरात बसवलंय..." आणि फोन तुटला.

दुपारी वादळ रायगडात दिवेआगर-श्रीवर्धनच्या बाजूने जमिनीवर चढलं. वाऱ्याचा वेग ताशी 110 ते 120 किलोमीटर. बाणकोटची खाडी ओलांडली की आमचे मंडणगड आणि दापोली तालुके, त्यांनाही त्याने सोडलं नाही. टीव्हीवर मात्र मुंबई वाचल्याचा आनंद चालू होता. आमच्या गावचा एकही फोन लागत नव्हता. पाचव्या दिवशी खेडला गेलेल्या एका पोराने रेंज मिळाल्यावर कळवलं, "माणसं हायत. बाकी काय न्हाय." आजोबांना खबर आठ दिवसांनी लागली होती, खिशात मोबाइल असून मला पाच दिवसांनी.

आमच्या वाडीच्या मुंबई मंडळाने वर्गणी काढली. पहिल्या यादीत बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या आणि जुने कपडे होते. तोच त्या पोराचा दुसरा फोन आला, नानांनी यादी दिली होती. ताडपत्र्या, खिळे, दोरखंड, मेणबत्त्या, लाकूड कापायचं मशीन आणि डिझेल. पाणी विहिरीत भरपूर होतं, पण वीज नसल्याने पंप बंद आणि रहाट कधीच मोडीत निघालेले. पिठाची गिरणही बंद. शेवटी पोराने निरोप सांगितला, "नाना म्हनतायत, सामान टेंपोत घाला, पन संगती ये."

पास काढून मी टेंपोत बसलो. लोणेऱ्यावरून आंबेतचा पूल ओलांडून म्हाप्रळला आलो आणि पुढे रस्ताभर विजेचे खांब आडवे. वाडीच्या तोंडाशी बांबू नव्हता. ज्या शाळेत मला चौदा दिवस ठेवणार होते तिचे पत्रे शेजारच्या शेतात पडलेले. ठराव करणारे दोघे माझ्याकडे न बघता सामान उतरवू लागले. मीही काही बोललो नाही. मी आमच्या मांगरात वेगळा राहिलो, त्याचंही निम्मंच छप्पर शाबूत होतं.

दुसऱ्या दिवशी लांबूनच नानांच्या मागे आगरात गेलो. आमच्या आगरात भर दुपारी अंधार असायचा, तिथे लख्ख ऊन पडलं होतं. पोफळी मधोमध मोडलेल्या, माड मुळासकट उपटलेले. 212 पोफळींतल्या 31 उभ्या, 26 माडांतले 9. विहिरीजवळचा वडही गेलेला. वादळानंतर दोनच दिवसांनी वटपौर्णिमा होती. काकी म्हणाली, "पडलेल्या वडालाच सूत गुंडाळलं. काय करनार?"

पंचनामे सुरू झाले. सरकारने बागांची मदत हेक्टरी 18,000 वरून 50,000 केली, पण कोकणात हेक्टर कुणाकडे? आमचं आगर 18 गुंठ्यांचं. गुंठ्याला 500 धरून हिशेब 9,000 रुपयांवर आला. त्यात सातबाऱ्यावर अकरा नावं. दोन वारलेली, एक बडोद्याला, बाकीची विरारपासून डोंबिवलीपर्यंत पसरलेली. सगळ्यांची संमतीपत्रं हवीत. हे काम माझ्याकडे आलं. वीस-वीस वर्षं न बोललेल्या चुलत भावंडांना फोन केले. एकाने विचारलं, "यात माझा वाटा किती?" मी म्हटलं, "आठशे रुपये आणि नानांचे शिव्याशाप." तो हसला आणि सही पाठवली. पुढे झाडामागे मदत जाहीर झाली, सुपारीला 50 रुपये, नारळाला 250. पाच-सात वर्षं शिंपून वाढवलेल्या पोफळीचे पन्नास रुपये! नाना फक्त म्हणाले, "मोडलेलं उचलायची मजुरी तरी सुटेल."

मी अडीच महिने राहिलो. मशीनने खोडं कापली, वासे बदलले, कौलं चढवली. एका संध्याकाळी शिडीवरून उतरलो तेव्हा नाना खाली शिडी धरून उभे होते. म्हणाले, "तो ठराव झाला, तवा मीपन हात वर केलावता. काकीला दमा हाय. भ्यालो." मी म्हटलं, "नाना, मीपण नको ते बोललो." विषय तेवढ्यावर संपला.

उरलेल्या पोफळींची खोडं उन्हाने भाजू नयेत म्हणून नानांनी त्यांना झावळं बांधली, मधे केळी लावल्या. सुपारी रुजत घातली आणि पुढच्या पावसाळ्यात रोपं जमिनीत गेली. त्याआधीच, मे 2021 मध्ये, तौक्ते किनाऱ्याजवळून गेलं. ताडपत्री उडाली, कौलं राहिली.

यंदा त्यातल्या चार झाडांना पहिली पोय आली. नानांनी फोटो धाडला नाही, त्यांना तो काढता येत नाही. फोन करून सांगितलं आणि लगेच म्हणाले, "आगोटीला ये. पडवीचे कोने बदलायचेत." तेव्हापासून दर मे महिन्यात मी जातो. पैसे आता फोनवरूनही पोचतात. कौलं चढवायला अजून जावंच लागतं.