वऱ्हाडातील छात्रालये आणि ज्येष्ठ विद्यार्थ्याचे ऋण

वऱ्हाडातील उच्च शिक्षणाचा इतिहास सामान्यतः महाविद्यालयांच्या स्थापनेच्या अनुक्रमाने सांगितला जातो. कोणती संस्था केव्हा निघाली, तिला मान्यता केव्हा मिळाली, कोणत्या शाखा वाढल्या, या प्रश्नांची उत्तरे दिली म्हणजे इतिहास पुरा झाला, अशी आपली समजूत असते. या कथनात एका संस्थेस तिचे उचित स्थान क्वचितच मिळते. ती संस्था म्हणजे छात्रालय. वऱ्हाडच्या ग्रामीण समाजात महाविद्यालयीन शिक्षण रुजले ते बऱ्याच अंशी छात्रालयामुळे. आणि छात्रालयातील शिक्षण चालले ते पुष्कळसे ज्येष्ठ विद्यार्थ्याने कनिष्ठास हाताशी धरल्यामुळे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. या दृष्टीने अमरावती व अकोला येथील अनुभवाचा विचार केल्यास आजच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या कर्तव्याविषयीही काही निष्कर्ष निघू शकतात.

प्रथम परिस्थिती ध्यानात घेतली पाहिजे. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ मध्ये नागपुरास पोहोचला आणि कापसाच्या व्यापारामुळे वऱ्हाडचे नाव दूरवर गेले. अकोला या मार्गावरच होते. अमरावती बडनेऱ्याहून फाट्याने जोडलेली होती. परंतु कापूस जितक्या सहज बाहेर गेला तितक्या सहज विद्या आत आली नाही. हिस्लॉप व मॉरिस ही नागपूरची महाविद्यालये १८८० नंतरच्या दशकात निघाली. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांतास जोडला गेल्यावरही अमरावतीस महाविद्यालय येण्यास १९२३ साल उजाडावे लागले. त्या वर्षी नागपूर विद्यापीठाची स्थापना झाली आणि अमरावतीत किंग एडवर्ड महाविद्यालय सुरू झाले. हेच पुढे विदर्भ महाविद्यालय या नावाने प्रसिद्धीस आले. तोवर पदवी घेऊ इच्छिणाऱ्या मुलास नागपूर, पुणे किंवा मुंबई गाठणे प्राप्त होते.

महाविद्यालय अमरावतीस आले, तरी दर्यापूर किंवा मूर्तिजापूर तालुक्यातील शेतकऱ्याच्या मुलाची अडचण त्यायोगे संपली नाही. त्याच्यापुढे पहिला प्रश्न असे तो राहावयाचे कोठे आणि जेवावयाचे काय, हा. पुण्यासारख्या शहरात गरीब ब्राह्मण विद्यार्थ्यास वार लावून जेवण्याची अथवा माधुकरी मागण्याची परंपरागत सोय होती. ती सोय जातीच्या चौकटीतील असल्यामुळे कुणबी, माळी किंवा महार मुलास तिचा उपयोग नव्हता. हा विचार कोल्हापुरात शाहू महाराजांनी ओळखला होता. १९०१ पासून निरनिराळ्या समाजांसाठी तेथे जी वसतिगृहे निघाली, त्यांचे मर्म यातच आहे. भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यास जे छात्रालय काढले, त्यात पुढचे पाऊल पडले. भिन्न जातींची मुले तेथे एका पंगतीस बसली आणि स्वतःच्या कष्टाने शिकू लागली.

वऱ्हाडात हे कार्य पंजाबराव देशमुख यांनी हाती घेतले. अमरावती जिल्ह्यातील पापळ येथे १८९८ साली जन्मलेले पंजाबराव एडिंबरो व ऑक्सफर्ड येथील विद्याभ्यास पुरा करून बॅरिस्टर होऊन परतले. १९२६-२७ च्या सुमारास त्यांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढले. स्वामी श्रद्धानंदांची हत्या डिसेंबर १९२६ मधील. त्यांचे नाव छात्रालयास देण्यात अस्पृश्यतानिवारणाचा हेतू स्पष्ट आहे. याच सुमारास अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा यासाठी जी चळवळ झाली, तीतही पंजाबराव अग्रभागी होते. छात्रालयाच्या खर्चासाठी त्यांनी मुष्टिफंडाचा अवलंब केला. घरोघरच्या गृहिणीने दळण्यापूर्वी मूठभर धान्य बाजूस काढावे आणि ते विद्यार्थ्यांच्या मुदपाकखान्यात यावे, अशी ही योजना होय.

मुष्टिफंडाचे आर्थिक महत्त्व सर्वमान्य आहे. त्याच्या नैतिक परिणामाकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही. वार लावून जेवणारा विद्यार्थी विशिष्ट घराचा ऋणी असे. मुष्टिफंडावर शिकणाऱ्याचा दाता अनामिक होता. ज्या शेकडो चुलींपाशी ते धान्य बाजूला पडले, त्यांतील कोणाचे ऋण कसे फेडावयाचे? दात्याकडे ते परत करता येण्याजोगे नव्हते. ते पुढे देणे एवढाच मार्ग उरत होता. आपल्यामागून त्याच गावाकडून येणाऱ्या मुलास शिकविणे हीच त्या ऋणाची फेड, असा अर्थ या योजनेतून आपोआप निष्पन्न होतो. ज्येष्ठ विद्यार्थ्याचे मार्गदर्शन हे दयेचे कृत्य न राहता त्याला कर्तव्याचे रूप येते ते येथे.

या कर्तव्याची आवश्यकताही तितकीच खडतर होती. ज्या घरात यापूर्वी कोणी शाळेचा उंबरठा ओलांडला नाही, त्या घरच्या मुलास बाप काय सांगणार? इंग्रजीत दिलेले व्याख्यान कसे टिपून घ्यावे, कोणता विषय निवडावा, फीमाफीचा अर्ज कोणाकडे करावा, नापास झाल्यावर गावी परतावे की पुन्हा बसावे, या प्रश्नांची उत्तरे क्रमिक पुस्तकांत नसतात. प्राध्यापक पाठ संपवून घरी जात. रेक्टर किंवा अधीक्षक शिस्त पाहत. रात्री कंदिलाजवळ उत्तर देऊ शकेल असा एकच मनुष्य शेजारी असे, आणि तो म्हणजे दोन वर्षांपूर्वी याच प्रश्नांतून गेलेला विद्यार्थी. त्याला मुले ‘दादा’ किंवा ‘भाऊ’ म्हणत, यात नवल नाही. घरी नसलेल्या शिकलेल्या वडीलभावाची जागा तो भरून काढीत होता.

ही पद्धत बाहेरून आणावी लागली नाही. पंतोजींच्या जुन्या शाळेत मोठी मुले लहानांकडून उजळणी म्हणवून घेत. मद्रासमध्ये अँड्र्यू बेल यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस हीच रीत उचलून इंग्लंडात तिचा प्रसार केला. आखाड्यातही वस्तादाच्या हाताखाली तयार झालेला मल्ल नव्या पोराला डाव शिकवितो. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून या परंपरेचे वाहक आहे. तेव्हा छात्रालयाने नवीन केले ते इतकेच की, या परिचित रीतीस उच्च शिक्षणाच्या कामी लावले आणि तिच्यातून जातीची अट वगळली.

पुढे श्री शिवाजी शिक्षण संस्थेने अमरावतीस १९४६ मध्ये आणि अकोल्यास १९५४ मध्ये महाविद्यालये काढली. क्रम पाहण्यासारखा आहे: येथे छात्रालय आधी निघाले, महाविद्यालय मागून आले. ज्या मुलांना राहावयास जागा मिळाली होती, त्यांच्यासाठी शिकण्याची जागा निर्माण करावी लागली.

तथापि या व्यवस्थेचा केवळ गौरव करणे इतिहासाच्या अभ्यासकास शोभणार नाही. ज्येष्ठतेतून जसे दायित्व निर्माण होते, तशीच सत्ताही निर्माण होते. मार्गदर्शनाच्या नावाखाली नवागतांचा छळ करण्याची रूढी देशभर इतकी बोकाळली की, महाराष्ट्राला १९९९ मध्ये रॅगिंगविरोधी कायदा करावा लागला आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ मध्ये विनियम जारी केले. या विनियमांत दोन तरतुदी शेजारी शेजारी आढळतात. शक्य तेथे नवागतांना वसतिगृहाच्या स्वतंत्र इमारतीत ठेवावे, ही एक. सहा नवागतांमागे एक ज्येष्ठ विद्यार्थी स्वेच्छेने मार्गदर्शक व्हावा, आणि अशा सहा मार्गदर्शकांमागे वरच्या वर्गाचा एक असावा, ही दुसरी. पहिली तरतूद भिंत घालते, दुसरी दार ठेवते. दोहोंची आवश्यकता आहे. परंतु भिंत बांधणे सोपे असते आणि दार उघडे ठेवण्यास माणूस लागतो.

तो माणूस कोठून यावयाचा, हा आजच्या वऱ्हाडापुढील प्रश्न आहे. १९६९ मध्ये अकोल्यास पंजाबरावांच्या नावाने कृषी विद्यापीठ स्थापन झाले. त्याच्या परिसरात पदवीचे, पदव्युत्तर व आचार्य पदवीचे विद्यार्थी एकत्र राहतात. एकाच प्रक्षेत्रावर एकाचा प्रयोग उभा असतो आणि दुसऱ्याचे प्रात्यक्षिक चालते. प्रश्न विचारण्यासाठी बांध ओलांडला म्हणजे पुरे. अमरावतीस १९८३ मध्ये स्थापन झालेल्या विद्यापीठाची रचना संलग्न महाविद्यालयांची आहे. पदव्युत्तर अध्ययनासाठी नागपुरास जाण्याची निकड त्यामुळे कमी झाली, हा मोठाच लाभ होय. परंतु विद्यापीठाचे पदव्युत्तर विभाग एका परिसरात आणि पदवीचे बहुसंख्य विद्यार्थी पाच जिल्ह्यांतील महाविद्यालयांत, अशी विभागणीही तिने आणली. काही महाविद्यालयांत दोन्ही वर्ग एकत्र चालतात हे खरे; इतरत्र मात्र सहामागे एक या शिडीची सर्वांत वरची पायरी दुसऱ्याच आवारात राहते.

हार्वर्ड विद्यापीठाने १९३० मध्ये निवासी सदने उघडली, तेव्हा पदवीच्या विद्यार्थ्यांबरोबर राहणाऱ्या शिक्षकांची नेमणूक केली आणि पुढे त्या कामी पदव्युत्तर विद्यार्थीही घेतले जाऊ लागले. धनाढ्य विद्यापीठास निवास व भोजन देऊन हे काम करवून घेता येते. वऱ्हाडात ते मूठभर ज्वारीच्या ऋणावर झाले. ऋणाची जाणीव ओसरली असेल, तर केवळ विनियमातील संख्येने ती परत येणार नाही. तसेच नुसत्या जाणिवेवर विसंबून राहिल्यास जुनी सत्ता पुन्हा डोके वर काढील. नियम व जाणीव यांची सांगड घालणे हे आता विभागांचे काम आहे.

त्याचा आरंभ आपल्याच विद्याशाखेच्या साधनांनी करता येईल. छात्रालयांत राहिलेली वृद्ध मंडळी अमरावती-अकोल्यात आजही भेटतात. प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याने पदवीच्या एका विद्यार्थ्यास बरोबर घेऊन अशा एका गृहस्थाची किंवा बाईंची मुलाखत टिपून घ्यावी. तुम्हांस पहिला अर्ज कोणी भरून दिला, आणि तुम्ही कोणाचा भरून दिला, हे दोनच प्रश्न विचारले तरी पुरेत. यायोगे छात्रालयांच्या अंतर्गत जीवनाचा इतिहास हाती येईल; आणि मुलाखत कशी घ्यावी, कशी पडताळावी, हे ज्येष्ठ विद्यार्थी कनिष्ठास शिकवीत असता ज्या परंपरेचा शोध चालला आहे, ती त्या दोघांपुरती तरी पुन्हा सुरू झालेली असेल.