पोट पडण्याची न सांगितलेली गोष्ट

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

नांदेड-लातूरकडच्या खेड्यात एखाद्या बाईला दिवस गेले की चार घरांना कळतं. पण ते दिवस वाया गेले, तर फक्त सासू आणि जाऊ यांच्यातच कुजबुज होते. ‘पोट पडलं’ एवढे दोनच शब्द. पुढच्या आठवड्यात ती बाई खुरपणीला हजर असते. इतिहासाच्या पुस्तकांत राजे असतात, दुष्काळ असतात, 17 सप्टेंबर 1948 असतो. ही गोष्ट मात्र कुठंच नोंदलेली नसते.

आपल्या जुन्या वैद्यांनी मात्र ती नोंदली होती. चौथ्या महिन्यापर्यंत गर्भ गेला तर तो ‘स्राव’ आणि पाचव्या-सहाव्या महिन्यात गेला तर ‘पात’, असा भेद सुश्रुतसंहितेत आहे. कीड लागली, वारा सुटला, मार बसला की फळ जसं अवेळी देठातून गळतं, तसंच हे, असा दृष्टान्तही तिथं दिला आहे. त्यात त्या स्त्रीला बोल लावलेला नाही. फळ गळालं म्हणून झाडाला कुणी रागावत नाही, एवढा साधा समंजसपणा त्यात आहे.

हा समंजसपणा पुढे कुठं हरवला? एक कारण कायद्यात सापडतं. 1860 च्या भारतीय दंड संहितेतल्या 312 व्या कलमानं मुद्दाम गर्भपात घडवणं गुन्हा ठरवलं आणि त्यात खुद्द त्या स्त्रीलाही धरलं. निजामाचं संस्थान विलीन झाल्यावर हा कायदा मराठवाड्यालाही लागू झाला. बोलीभाषेत आपोआप झालेला आणि मुद्दाम केलेला, दोन्हींना शब्द एकच, ‘गर्भपात’. त्यामुळे रक्तस्राव घेऊन दवाखान्यात आलेल्या बाईकडे आधी संशयानं पाहिलं जायचं. ‘काही खाल्लं होतंस का?’ हा पहिला प्रश्न. 1971 साली गर्भपाताचा नवा कायदा झाला आणि 1 एप्रिल 1972 पासून अमलात आला. त्यानं ठरावीक अटींवर गर्भपाताला मान्यता दिली. पण मनातला संशय कायद्याच्या तारखेला थोडाच जातो! म्हणून स्पष्ट सांगायला हवं: आपोआप पोट पडणं हा गुन्हा कधीच नव्हता, आजही नाही.

दुसरं कारण अंतराचं. लातूरला बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी 1911 साली आली आणि 1927 साली तो मार्ग मिरजेपर्यंत पोचला. मिरजेला वॉन्लेस साहेबांचं मिशन हॉस्पिटल 1894 पासून होतं. लातूरच्या माणसाला मोठा दवाखाना म्हणजे सोलापूर किंवा मिरज, आणि नांदेडच्या माणसाला हैदराबाद. रक्तस्राव होणाऱ्या बाईला बैलगाडीतून स्टेशनवर न्यायचं आणि तिथून गाडीत घालायचं! बहुतेकींना कुणी नेलंच नाही. लातूरला 1966 साली विवेकानंद रुग्णालय उभं राहिलं, नांदेडला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 1988 साली आलं आणि लातूरला 2002 साली. म्हणजे आज ज्या आजीबाई आहेत, त्यांची बाळंतपणं यातलं बरंच काही येण्याआधीची. ‘आमच्या वेळी कुठं होते डॉक्टर’ हे त्यांचं म्हणणं अगदी खरं आहे. आजच्या सुनेला थांबवून ठेवायला मात्र ते कारण पुरत नाही.

तिसरं कारण लाजेचं. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी केली. 1989 साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात ती प्रसिद्ध झाली. 92 टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग होता आणि त्याआधी तपासणी झालेल्या स्त्रिया जेमतेम 8 टक्के. गडचिरोली लांब असली, तरी गप्प बसण्याची ही रीत आपल्याकडेही अनोळखी नाही.

आता मुद्द्याचं. दिवस राहिल्याचं कळल्यानंतर साधारण दहातल्या एक ते दोन गर्भधारणा आपोआप संपतात, बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत. त्यातल्या निम्म्याच्या आसपास गर्भातल्या गुणसूत्रांची जुळणी मुळातच बिघडलेली असते. पपई खाल्ली, ग्रहण पाहिलं, एसटीचा धक्का बसला, यांवर दोष ढकलण्यात काही अर्थ नाही. अंगावर थोडंसं लाल जाणं, ओटीपोटात पाळीसारखी कळ, कंबर भरून येणं ही पहिली लक्षणं. प्रत्येक वेळी पोट पडतंच असं नाही, पुष्कळदा गर्भ सुखरूप राहतो. पण ते घरी बसून कळत नाही, म्हणून एक-दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवावं. काही वेळा रक्त जातच नाही, नुसत्या मळमळीसारख्या खुणा नाहीशा होतात आणि गर्भ थांबल्याचं सोनोग्राफीतच दिसतं.

काही लक्षणांना मात्र एक रात्रही द्यायची नाही. तासाला दोन पॅड किंवा घड्या भिजतील एवढा रक्तस्राव दोन तास चालला, चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी आली, ताप आला, अंगावरून घाण वासाचं पाणी जायला लागलं, तर ताबडतोब निघायचं. पोटाच्या एका बाजूला तीव्र दुखणं आणि खांद्याच्या टोकाला कळ, हे तर फारच वाईट. गर्भ पिशवीत नसून नळीत वाढत असेल, तर नळी फुटून आतल्या आत रक्त साचतं. बाहेर थेंबभर रक्त दिसतं आणि बाई आत रिकामी होत असते. 1883 साली इंग्लंडमध्ये लॉसन टेट या सर्जननं अशी नळी काढून रुग्ण वाचवली, तोवर हे दुखणं बहुधा मरणच होतं. आज ते वेळेत पोचलं तर बरं होतं.

यात सगळ्यात अडचण आहे ती ऊसतोडीला जाणाऱ्या बायांची. कंधार, मुखेड, जळकोट भागांतून कोयत्यावर जाणारी जोडपी उचल घेऊन निघतात. एक खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो. मग रक्त जात असतानाही मोळी डोक्यावर चढते. शेजारच्या बीड जिल्ह्यात 2019 साली सुमारे 82 हजार ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यात 13 हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. दुखणं वेळेवर दाखवायला सवड नसली की शेवटी तोडगा केवढा मोठा निघतो, ते या आकड्यावरून कळतं. फडाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जायला त्याच गावचं असावं लागत नाही, हे या बायांपर्यंत पोचलं पाहिजे.

मेडिकलमधून आपल्याच मनानं गोळी आणून घेणं टाळा. अर्धवट राहिलेला गर्भ रक्त थांबू देत नाही आणि आतून पू धरतो. क्युरेटिंग लागेल की औषधावर भागेल, हे डॉक्टर ठरवतील. गाठीसारखं काही पडलं, तर ते फेकू नका, स्वच्छ डबीत घालून बरोबर न्या. रक्तगट निगेटिव्ह असेल तर ‘अँटी-डी’ इंजेक्शनचं विचारून घ्या, बहात्तर तासांच्या आत ते लागू शकतं. पुढच्या बाळाचा प्रश्न असतो.

गावात आशाताई आहेत. 102 वर गरोदर बाईसाठी गाडी येते, 108 ची रुग्णवाहिका राज्यात 2014 पासून धावते. निघताना शेवटच्या पाळीची तारीख, रक्तगटाचा कागद आणि आधीचे रिपोर्ट घ्या, आणि बरोबर कुणीतरी असं न्या, जिच्यापुढे ती बाई बोलेल.