करवतीचे दाते

हातमागाचा इतिहास म्हटला की एक ठरलेली गोष्ट सांगतात: इंग्रज आला, गिरणी आली, विणकर बुडाला. गोष्ट खोटी नाही, पण अपुरी आहे. 1 जानेवारी 1877 रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस गिरणी नागपुरात सुरू झाली. पुढच्या दशकात छत्तीसगडकडे जाणारा लोहमार्ग आपल्या गोंदियावरून गेला आणि गिरणीचे स्वस्त कापड आठवडी बाजारात येऊन पडले. साध्या कापडात विणकर हरला. तरीही भंडाऱ्याकडच्या मोहाडी-आंधळगावचे माग सगळेच थांबले नाहीत. (1 मे 1999 पर्यंत आपण भंडारा जिल्ह्यातच होतो, तेव्हा हा इतिहास घरचाच.) एम्प्रेस गिरणीच्या जागेवर मात्र आज मॉल उभा आहे!

हे माग कशाने टिकले? माझ्या मते काठाने.

करवती लुगड्याचे अंग टसराचे, म्हणजे आपल्या कोशाचे. हा कोसा तुतीवरचा नव्हे. ऐन-अर्जुनाच्या झाडांवर, उघड्या रानात, पाखरांपासून राखण करीत ढिवर मंडळी तो पिकवतात. त्याचा मधासारखा रंग जन्माचाच. काठ मात्र रंगीत सुताचा. आता कसब पाहा. साध्या मागावर एकच धोटा या कडेपासून त्या कडेपर्यंत धावतो. त्यामुळे अंगाचाच बाणा काठात शिरतो आणि काठाचा रंग फिका पडतो. करवतीला तीन धोटे लागतात, एक अंगाचा व दोन काठांचे. अंगाचा धागा काठाच्या धाग्यात हाताने अडकवायचा, अडकवण्याची जागा थोडी थोडी सरकवीत न्यायची, पुन्हा मागे आणायची. त्यातून करवतीचे दाते उमटतात आणि काठ भरदार राहतो. यंत्रमागाला एवढा वेळ परवडत नाही. मग दाते छापून विकतात. कापड उलटून पाहा म्हणजे कळेल.

परंतु आम्हा युनियनवाल्यांची नजर आधी मजुरीकडे जाते. गिरणीत कांड्या भरण्याचे खाते वेगळे असे. मुंबईला त्या कामावर बायका पुष्कळ, आणि कमी का होईना, पगार त्यांच्या नावाने निघे. गोंदियाला बिडीचा धंदा नवा नाही. घरी बसून बिड्या वळणाऱ्या बाईलाही 1966 च्या कायद्याने कामगार मानले. विणकराच्या घरात कांड्या भरणे, ताणा जोडणे, खळ देणे ही कामे बायको, सून, म्हातारी आई करतात. मजुरी मात्र नगावर ठरते आणि माग चालविणाऱ्याच्या हाती पडते. 1985 साली संसदेने कायदा करून काही वाण हातमागासाठी राखून ठेवले. कांडी भरणारीला किती द्यावे, हा त्या कायद्याचा विषयच नव्हता.

दुकानदार तीन धोट्यांचे कौतुक गिऱ्हाइकाला आवर्जून सांगतो आणि किंमत त्यावर लावतो. कांड्यांचे काय, असे विचारले तर म्हणतो, ते घरचेच काम.