कोकेदामा आणि आमची घाई

कोकेदामा म्हणजे शेवाळाचा गोळा. त्याचं मूळ जपानच्या 'नेआराई' बोन्सायमध्ये आहे. जुनं झाड कुंडीतून काढून तसंच ठेवायचं. मुळांनी धरलेल्या मातीवर शेवाळ सावकाश, आपणहून चढायचं. आम्हाला तेवढा धीर कुठला! एका पावसाळ्यात साताऱ्याच्या डोंगरातलं शेवाळ खरवडून सांगलीला आणलं. एप्रिलच्या उन्हात ते वाळलं, आणि डोंगरावर कातळ उघडा पडला तो पडलाच. शेजारचं कास पठार २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत गेलं. तिथली फुलं कातळावरच्या बोटभर मातीवर जगतात. अशी माती धरून ठेवायला शेवाळ मदत करतं, हे आम्हाला उशिरा उमगलं. आता गोळ्याला नारळाचा काथ्या गुंडाळतो, सावलीत ठेवतो, हाताला हलका लागला की बुडबुडे थांबेपर्यंत बादलीत बुडवतो. शेवाळ यायचं तेव्हा येईल.