ट्रक परत बोलावले, पण श्वासाचे काय?

काही जणांचा रक्तदाब दवाखान्यात तपासला की नॉर्मल येतो, पण घरी मोजला तर वाढलेला निघतो. याला 'मास्क्ड हायपरटेन्शन' म्हणतात. फक्त दवाखान्यातल्या आकड्यावर विसंबले तर आजार निसटतो. अमेरिकेत अवजड डिझेल ट्रकच्या बाबतीत असेच काहीसे घडले होते.

१९९८: परीक्षेत पास, रस्त्यावर नापास

ट्रकचे इंजिन विकण्याआधी त्याची प्रयोगशाळेत ठरावीक पद्धतीने चाचणी होते. इंजिनाचे नियंत्रण संगणकाकडे आल्यावर एक पळवाट निघाली. चाचणीत इंजिन कमी प्रदूषण करी. पण हायवेवर एकसारख्या वेगाने धावू लागले की संगणक डिझेल फवारण्याची वेळ बदले. त्यामुळे डिझेल वाचे, पण नायट्रोजन ऑक्साइड वायू मर्यादेच्या तिपटीपर्यंत वाढत.

ऑक्टोबर १९९८ मध्ये अमेरिकी सरकारने कॅटरपिलर, कमिन्स, डेट्रॉईट डिझेल, मॅक, नॅव्हिस्टार, रेनॉ आणि व्होल्वो या सात कंपन्यांशी तडजोड जाहीर केली. प्रश्न सुमारे १३ लाख इंजिनांचा होता. दंड ८ कोटी ३४ लाख डॉलर झाला. पर्यावरण कायद्याखालचा तोवरचा हा सर्वांत मोठा दिवाणी दंड होता.

पण रस्त्यावरचे सगळे जुने ट्रक लगेच परत बोलावले गेले नाहीत. इंजिन मोठ्या दुरुस्तीसाठी उघडले जाईल तेव्हा त्यातले सॉफ्टवेअर बदलायचे, असे ठरले. अवजड इंजिन लाखो किलोमीटर धावल्यावरच अशा दुरुस्तीला येते. म्हणजे निकाल लागल्यानंतरही तो धूर लोकांच्या छातीत जातच राहिला.

हा वायू शरीरात काय करतो?

नायट्रोजन डायऑक्साइड पाण्यात फारसा विरघळत नाही. त्यामुळे तो नाक-घशातच न अडकता खोलवरच्या बारीक श्वासनलिकांपर्यंत पोहोचतो. तिथे सूज येते, दमा बळावतो. उन्हात यापासूनच ओझोन आणि सूक्ष्म कणही तयार होतात. शिवाय २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकले.

२०१८: पाच लाख गाड्या माघारी

पुढे नियम कडक झाले. धुरात युरियाचे द्रावण फवारून नायट्रोजन ऑक्साइडचे साध्या नायट्रोजनमध्ये आणि पाण्यात रूपांतर करणारी यंत्रणा आली. यासाठी कॅटॅलिस्ट लागतो. कॅलिफोर्नियाच्या हवा नियंत्रण मंडळाने रस्त्यावर वापरात असलेले ट्रक तपासले, तेव्हा कमिन्सच्या काही इंजिनांमधला हा कॅटॅलिस्ट अपेक्षेपेक्षा लवकर खराब होत असल्याचे आढळले. जुलै २०१८ मध्ये २०१० ते २०१५ या मॉडेल वर्षांतल्या सुमारे ५ लाख गाड्या कंपनीने परत बोलावण्याचे जाहीर झाले. कंपनीने स्वतःहून मान्य केलेला हा रिकॉल होता.

इथे दोष होता भाग टिकण्याचा, आणि तो फक्त नव्या इंजिनाच्या चाचणीत दिसला नसता. औषध सुरू केल्यावर फॉलो-अप लागतो, तसाच तो इंजिनालाही लागतो.

आपल्याकडे

१ एप्रिल २०२० पासून भारतात बीएस-६ मानके लागू आहेत. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने पर्यावरणाला अपाय करणारा दोष असलेल्या गाड्या परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला. मात्र डिझेल गाडीच्या पीयूसीत धुराचा काळेपणा मोजतात, नायट्रोजन ऑक्साइड नाही. म्हणून धूर दिसत नाही याचा अर्थ हवा स्वच्छ आहे, असा नाही.

- दमा किंवा सीओपीडी असेल तर वर्दळीच्या हायवेलगत फिरायला जाऊ नका. आतल्या रस्त्याने जा.
- बरे वाटते म्हणून रोजचा इन्हेलर परस्पर बंद करू नका.
- ट्रक चालवत असाल तर युरियाची यंत्रणा बंद करून गाडी चालवू नका. त्या धुराजवळ सर्वांत जास्त वेळ तुम्हीच असता.

रिकॉलने इंजिन दुरुस्त होते. तोवर फुप्फुसांत गेलेला धूर मात्र कोणालाही परत बोलावता येत नाही. म्हणूनच दोष जितका लवकर सापडेल तितके बरे.